कर्मठ

ऐरोली, सेक्टर तीन. सोसायटीचं ऑफिस म्हणजे
जिना आणि पाण्याचा पंप यांच्यात उरलेली जागा.
सतरंजीवर पंधरा-वीस माणसं,
दादांचा फोटो मीटरच्या पेटीला टेकवलेला.
पावण्याच्या कंपनीतले रामसुरत यादव उठले,
घसा साफ केला, म्हणाले,
"आठल्येजी बड़े कर्मठ आदमी थे."

माझी मान खाली गेली.
चार लोकांत, फोटोसमोर,
असं कुणी तोंडावर बोलतं का?

आमच्याकडे हा शब्द आई वापरायची,
तोही भांडी घासण्याच्या आवाजाआडून,
माहेरचं कुणी आलं तर.
"फार कर्मठ आहेत हो..."
आणि मग नळ मोठा सोडायची.

मला लहानपणी वाटे, मुळात दोन शब्द आहेत,
कर्म आणि मठ,
जागा नाही म्हणून एकाच म-वर भागवलंय.
सिडकोच्या एका खोलीत आम्ही पाच जण
तसेच भागवत होतो.
उंच दोरीवर दादांचा मुकटा,
तो वाळत घालायची काठी वेगळी,
ती दाराआड उभी; तिला आमचा हात लागायचा नाही.
एकदा माझा फ्रॉक मुकट्याला लागला. मे महिना,
टँकर दोन दिवसांनी येणार होता.
दादा काही बोलले नाहीत.
उरलेल्या दोन बादल्यांतली एक घेऊन
पुन्हा आंघोळीला गेले.
त्या रात्री आईने पिठलं पाणी मोजून केलं.

आणि महिन्याचे ते चार दिवस.
बाजूला बसायचं,
पण त्या घराला बाजूच नव्हती.
मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसून
दहावीचं बीजगणित केलं,
येणारे-जाणारे विचारत, किल्ली हरवली का गं?
मी हो म्हणायचे.

यादव अजून बोलत होते.
छब्बीस साल बॉयलर पर,
रात्रपाळीत दर पंधरा मिनिटांनी काटा बघायचे,
आकडा स्वतः लिहायचे, अंदाजाने कधी नाही.
पहाटे पाळी सुटली की कंपनीच्या नळाखाली अंघोळ,
मग नाक धरून संध्या, राखेच्या ढिगाकडे पाठ करून.
"हमारे हाथ का पानी नहीं पिया कभी.
अपनी सुराही लाते थे."
हे त्यांनी अशा सुरात सांगितलं,
जणू दादांची छत्री काळी होती असं सांगतायत.
आणि शेवटी पुन्हा तेच,
"ऐसा कर्मठ आदमी..." पुढे त्यांना बोलवेना.

रात्री दादांचाच कोश काढला, पाठीला खळ लावलेला.
कामात निष्ठेने गढलेला; कर्मकांडाचा कडक अभिमानी.
दोन्ही अर्थ एका ओळीत,
मध्ये फक्त एक अर्धविराम.
त्याच्या पलीकडे यादव छब्बीस वर्षं उभे होते,
अलीकडे आई.
मी कुठल्या बाजूला, ते मला
पन्नाशीतही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर निधनाची सूचना बदलायची होती.
सेक्रेटरी तांडेल खडू घेऊन थबकले.
"यादवसाहेब म्हणाले, कर्मठ लिहा.
ताई, आता... खोटं नाय ते. पन असं लिवायचं?"
मी म्हटलं, लिहा.
त्यांनी लिहिलं. ठ-ची गाठ जरा मोठीच आली.
दुपारपर्यंत तिघांनी मला विचारलं,
कुणी काढली हो वडिलांची अशी उणीदुणी?
चौथ्या मजल्यावरच्या मिश्राबाई मात्र
फळ्यासमोर हात जोडून गेल्या.

घरी आले. दोरीवर मुकटा तसाच,
पंधरा दिवसांत कडक झालेला.
दाराआडची काठी घेतली.
एवढी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.
मुकटा खाली ओढला, घडी घालायला बसले,
आणि अर्ध्यात लक्षात आलं,
मी आधी हात धुऊन आले होते.